गल्लीचे दुसरे टोक

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या वर्षात संस्थापकांचे, गुरुजनांचे आणि शाळेच्या यशाचे स्मरण व्हावे, हे उचितच आहे. या व्यासपीठावरून ते मनोभावे झालेही आहे. मला मात्र आज आपले लक्ष शाळेच्या फाटकाबाहेर न्यायचे आहे. विषय आहे आपली गल्ली आणि तिच्यातून वाहणारी रहदारी. उत्सवाच्या प्रसंगी हा विषय रुक्ष वाटेल, याची मला जाणीव आहे. परंतु या वर्षी शाळेला जो निर्णय घ्यावयाचा आहे, तो याच विषयाशी निगडित आहे आणि तो आपल्याशी मोकळेपणाने बोलूनच घ्यावा असे मला वाटते.

गेल्या जूनमध्ये काही पालकांनी स्वाक्षऱ्यांचे एक निवेदन व्यवस्थापक मंडळाकडे दिले. आपली गल्ली म्हणजे जुन्या बडोद्याची पोळ. तिला तोंड एकच. दुसऱ्या टोकाला आपल्या मैदानाची कुंपणभिंत आहे आणि भिंतीपलीकडे हमरस्ता. मैदानाच्या कडेची पट्टी मोकळी करून ती भिंत पाडावी व गल्ली हमरस्त्याला जोडावी, म्हणजे वाहने एका बाजूने येतील, दुसऱ्या बाजूने जातील आणि शाळा भरता-सुटतानाची कोंडी कायमची संपेल, अशी ही मागणी आहे. निवेदन प्रामाणिक आहे आणि त्यामागचा त्रासही खरा आहे. सकाळी पावणेसातच्या सुमारास फाटकापाशी रिक्षा, व्हॅन, स्कूटर आणि मोटारी यांची जी दाटी होते, ती मी रोज पाहते. मोटार वळवायला जागा नसते, मागचा हॉर्न वाजवतो, पुढचा चिडतो आणि या सगळ्यांच्या मधून दप्तर सावरीत पहिलीतले मूल वाट काढीत असते. हे असेच चालू राहावे, असे कोणीही म्हणणार नाही. तरीही ती भिंत पाडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे आपल्यासमोर मांडते.

रस्त्यावर वाहने वाढली की अपघात वाढतात, धूर आणि आवाज वाढतो, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु घरांसमोरच्या रस्त्यावर रहदारी वाढली की माणसांच्या परस्परसंबंधांचे काय होते, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. तो पद्धतशीरपणे विचारणाऱ्यांत डोनाल्ड ॲपलयार्ड हे नाव अग्रभागी आहे. ते मूळचे इंग्लंडचे आणि अमेरिकेत नगररचनेचे प्राध्यापक. १९६९ च्या सुमारास त्यांनी मार्क लिंटेल या सहकाऱ्यासह सॅन फ्रान्सिस्को शहरातील एकमेकांजवळचे तीन रस्ते निवडले. घरे साधारण सारखी, वस्तीही बहुतांशी सारखी. मुख्य फरक रहदारीचा होता. एका रस्त्यावरून दिवसाला सुमारे २,००० वाहने जात, दुसऱ्यावरून मध्यम संख्येने आणि तिसऱ्यावरून सुमारे १६,०००. या रस्त्यांवर तुमचे मित्र किती आणि तोंडओळखीची माणसे किती, असे त्यांनी तेथील रहिवाशांना विचारले.

शांत रस्त्यावरच्या माणसाला सरासरी तीन मित्र होते आणि सहांहून अधिक ओळखीची माणसे. वर्दळीच्या रस्त्यावरच्या माणसाला सरासरी एकही पुरता मित्र नव्हता, आकडा होता ०.९, आणि ओळखीची माणसे सुमारे तीन. पुढे १९८१ मध्ये ॲपलयार्ड यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला आणि पुढच्याच वर्षी अथेन्समध्ये भरधाव मोटारीच्या धडकेने त्यांचा अंत झाला. २००८ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात जोशुआ हार्ट या अभ्यासकाने तशीच पाहणी केली, तेव्हाही चित्र तेच दिसले.

मला या आकड्यांपेक्षा ॲपलयार्ड यांचा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘तुमचे घर कुठून कुठपर्यंत आहे, ते नकाशावर दाखवा,’ असे त्यांनी रहिवाशांना सांगितले. शांत रस्त्यावरच्या लोकांनी समोरच्या पदपथासह अवघा रस्ता आपला म्हणून दाखवला. वर्दळीच्या रस्त्यावरच्या लोकांचे घर स्वतःच्या इमारतीपाशी संपले. ते रस्त्याकडच्या खिडक्या बंद ठेवीत आणि मागच्या खोल्यांत वावरत. लहान मुले असलेली कुटुंबे संधी मिळताच तेथून निघून जात. म्हणजे रहदारी केवळ रस्त्याच्या मध्यभागातून जात नव्हती, ती घरांच्या सीमा आत ढकलीत होती.

हा प्रश्न या वर्षी आमच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी इयत्ता पाचवीच्या मुलांना विचारला. विषय दिला, ‘घर ते शाळा’. एका वर्गातील चित्रांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मी जाणते. पण ती चित्रे आज वाचनालयात लावली आहेत, आपण जरूर पाहावीत. गल्लीतून आणि शेजारच्या पोळांतून चालत येणाऱ्या मुलांच्या कागदावर जागा पुरलेली नाही. कडुलिंब आहे, पिठाची गिरणी आहे, महादेवाची घुमटी आहे, गाईला पाणी पिण्याचे कुंडे आहे आणि ‘या घरात चेंडू गेला की परत मिळत नाही’ अशी टीप दिलेले एक दारही आहे. दूरच्या नव्या वसाहतींतून व्हॅनने येणाऱ्या मुलांनी एका कोपऱ्यात इमारत काढली, दुसऱ्या कोपऱ्यात शाळा आणि मध्ये दोन समांतर रेघा. त्या रेघांमध्ये वाहने आहेत, माणूस एकही नाही. ही मुले कल्पनाशक्तीने उणी नाहीत. जे त्यांनी काचेतून ओझरते पाहिले, तेच त्यांनी काढले. कॅलिफोर्नियात ॲपलयार्ड यांचे चिरंजीव ब्रूस यांनीही पुढे शाळकरी मुलांकडून परिसराचे नकाशे काढून घेतले होते आणि दाट रहदारीत वाढणाऱ्या मुलांना आपला परिसर तपशिलाने काढता येत नाही, असेच त्यांना आढळले.

आता मी आपल्या शाळेच्या जिव्हाळ्याच्या मुद्द्याकडे येते. महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाची शाळा चालवणे म्हणजे काय, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगायला नको. १९०६ साली आपल्या संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू करणाऱ्या सयाजीराव महाराजांच्या या नगरीत मराठी अनेक पिढ्या नांदली. पण भाषा केवळ राजाश्रयाने नांदत नाही आणि केवळ शाळेनेही नांदत नाही. आमच्याकडे मूल दिवसाचे पाच-सहा तास असते. घरी आईवडील कामावरून थकून येतात. या दोहोंच्या मधली जी जागा असते, तीत भाषा खऱ्या अर्थाने अंगवळणी पडते. ती जागा म्हणजे ओटा, अंगण आणि गल्ली.

एक साधे उदाहरण घ्या. मराठीत निरोप घेताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. गुजराती शेजारी ‘आवजो’ म्हणतो, त्याचाही अर्थ ‘या’ असाच. जाणाऱ्याला ‘जा’ म्हणू नये, हे शहाणपण दोन्ही भाषांनी जपले आहे. हे कोणत्याही पाठ्यपुस्तकातील स्वाध्यायातून शिकता येत नाही. शेजारच्या आजींच्या ओट्यावरून उठताना मूल ‘मी जाते’ म्हणते, आजी ‘येते म्हण’ असे सांगतात आणि समोरच्या बेन हसून ‘आवजो’ म्हणतात. त्या एका क्षणात मूल दोन भाषा आणि एक संस्कार शिकते. त्यासाठी ओटा लागतो, त्यावर बसलेली माणसे लागतात आणि त्यांचे बोलणे ऐकू येईल एवढी शांतता लागते.

आश्विनातला भोंडला आठवा. इथे उपस्थित माझ्या वयाच्या माजी विद्यार्थिनींना तो नक्की आठवत असेल. आज एकीच्या दारी, उद्या दुसरीच्या. खिरापत ओळखण्याचा तो गलका आणि त्यानंतर रात्री याच गल्लीत रंगणारा शेरी गरबा. संक्रांतीला तिळगुळाचा डबा घेऊन घरोघर जाणारी मुले. या सर्वांची एकच पूर्वअट होती, ती म्हणजे दिवेलागणीच्या वेळी आठ-दहा वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाच्या सोबतीवाचून दहा घरे ओलांडता आली पाहिजेत. भोंडला मागे पडला याला दूरचित्रवाणी, मोबाइल, शिकवण्या अशी अनेक कारणे आहेत. सारा दोष मी वाहनांच्या माथी मारणार नाही. परंतु ज्या वाटेने मुली एकमेकींच्या दारी जात, ती वाटच धोक्याची झाल्यावर बाकीची कारणे दूर होऊनही काय उपयोग?

धोका हा शब्द मी जबाबदारीने वापरते. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ही मोठी संख्या डोळ्यांसमोर आणणे कठीण आहे, म्हणून सातवी-आठवीच्या मुलांना आम्ही जे गणित घालतो तेच आपल्यासमोर मांडते. ताशी ३० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे ८ मीटर जाते आणि ताशी ५० चे सुमारे १४ मीटर. चालकाला मूल दिसल्यापासून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद तरी जातोच. वाहनाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ५० च्या वेगातील ऊर्जा ३० च्या वेगातील ऊर्जेच्या पावणेतीनपटीहून थोडी अधिक असते. ३० आणि ५० यांतील अंतर आपल्याला किरकोळ वाटते. मुलाच्या दृष्टीने ते जगण्यामरण्याचे अंतर ठरू शकते. २०२० च्या स्टॉकहोम परिषदेच्या जाहीरनाम्यात माणसे आणि वाहने जेथे सरमिसळ होतात तेथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटरची असावी, असे म्हटले आहे ते याचसाठी.

आवाजाचेही असेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शाळा, रुग्णालये आणि न्यायालये यांच्या सभोवारचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित होतो, तेथे ती दिवसा ५० डेसिबल आहे. हमरस्त्याच्या बाजूच्या वर्गांत शिकवणाऱ्या शिक्षिकांना विचारा. कवितेच्या तासाला त्यांना खिडक्या लावून घ्याव्या लागतात. मैदान आणि भिंत मध्ये आहेत तोवर उरलेल्या वर्गांची तरी कविता खिडक्या उघड्या ठेवून शिकवता येते.

आता निवेदनातील मूळ युक्तिवादाकडे वळू. दुसरे टोक उघडले की कोंडी संपेल, असे म्हटले आहे. पहिले काही आठवडे ती संपेलही. पण ज्या क्षणी गल्ली दोन मोठ्या रस्त्यांना जोडील, त्या क्षणी ती केवळ आपल्या शाळेची किंवा तिथल्या रहिवाशांची राहणार नाही. सिग्नल चुकवू पाहणारा प्रत्येक वाहनचालक तिच्यात शिरेल. आज तर मोबाइलमधील नकाशाच त्याला ही जवळची वाट दाखवील. आपली कोंडी सकाळी वीस मिनिटे आणि दुपारी वीस मिनिटे असते. तिच्या बदल्यात आपण दिवसभराची आणि रात्रीचीही वर्दळ विकत घेऊ. शिवाय मैदानाची पट्टी जाईल ती वेगळीच. एक मोटार उभी करायला साधारण १२ चौरस मीटर जागा लागते. आपल्या एका वर्गखोलीचे क्षेत्रफळ ४८ चौरस मीटरच्या आसपास आहे. चार मोटारी म्हणजे एक वर्ग, हे प्रमाण लक्षात ठेवावे.

एकच तोंड असलेली गल्ली हे मागासलेपणाचे लक्षण आहे, असा समज असेल तर तो दूर व्हावा. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्ते अपघातांत ४०० हून अधिक मुले दगावली. आईबाप रस्त्यावर उतरले, ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा नावाची चळवळच उभी राहिली. डेल्फ्ट शहरात निवासी गल्ल्यांची नव्याने रचना होऊ लागली होती. वाहनाला सरळ सुसाट जाता येऊ नये, झाडे आणि बाक मध्ये यावेत, मुलांना खेळता यावे आणि वाहनाने माणसाच्या चालीने जावे, ही ती कल्पना. १९७६ मध्ये तिला तेथील कायद्याची मान्यता मिळाली. हे वाचताना मला आपल्या पोळांची आठवण झाली. अरुंद वाट, वळणे, एक तोंड, समोरासमोर ओटे, परक्याची चाहूल लगेच लागावी अशी रचना. अहमदाबादच्या ज्या जुन्या नगराला २०१७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा नगर म्हणून मान दिला, त्याचे वैभवही या पोळांतच आहे. पाश्चात्त्य नगररचनाकारांनी मोठ्या दुःखानंतर जे पुन्हा शोधून काढले, ते आपल्या पूर्वजांनी गल्लीच्या घडणीतच ठेवले होते. ते आपल्या हातांनी मोडण्याची घाई आपण का करावी? आपल्या देशाच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचेही सूत्र हेच आहे की, विचार वाहनांच्या नव्हे, माणसांच्या येण्याजाण्याचा व्हावा.

मी वाहनांची वैरी नाही. स्कूटरने या शहरातील स्त्रियांना जे स्वातंत्र्य दिले, त्याचा लाभ मीही घेतला आहे. सहा किलोमीटरवरून येणाऱ्या मुलाने चालत यावे, असे मी म्हणणार नाही. नोकरीच्या वेळा, दोन मुलांच्या दोन शाळा, पावसाळा या तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. पण या अडचणींतून एक चक्र तयार झाले आहे. रस्त्यावर वाहने फार, म्हणून मुलाला चालत पाठवण्याची भीती वाटते. भीती वाटते म्हणून आपण त्याला वाहनाने सोडतो. त्यामुळे फाटकासमोर आणखी एक वाहन वाढते आणि शेजारच्या घरातील आईची भीतीही तेवढीच वाढते. हे चक्र एकट्यादुकट्याने तुटणार नाही. एका पालकाने ठरवले तर त्याचेच मूल धोक्यात चालेल. सर्वांनी मिळून ठरवले तर धोकाच उरणार नाही. शाळा ही अशी मिळून ठरवण्याची जागा आहे, म्हणून हे बोलणे.

मग कोंडीवर उपाय काय? व्यवस्थापक मंडळापुढे मी तीन गोष्टी ठेवल्या आहेत.

पहिली, शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी अर्धा-अर्धा तास गल्लीत रहिवाशांखेरीज अन्य वाहनांना प्रवेश नसावा. यासाठी पोलीस आणि महानगरपालिका यांची परवानगी लागते. अर्जाचा मसुदा तयार आहे, त्यावर तुमच्या आणि रहिवाशांच्या स्वाक्षऱ्या हव्या आहेत. अपंग वा आजारी विद्यार्थ्यांची वाहने अर्थातच फाटकापर्यंत येतील.

दुसरी, रिक्षा, व्हॅन आणि मोटारी गल्लीच्या तोंडाशी मुलांना उतरवतील आणि तेथून फाटकापर्यंत मुले दिंडीने येतील. वारीच्या दिंडीत पुढे पताका, मागे विणेकरी आणि मध्ये सारे निर्धास्त, अशी शिस्त असते. तीच इथे ठेवू. पुढे एक मोठे माणूस, मागे एक, मध्ये दोन-दोनच्या रांगेत मुले. अवघी तीनशे पावले आहेत. गल्लीत राहणाऱ्या आणि सेवानिवृत्त झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी आठवड्यातील एकेक दिवस वाटून घेतला तर कोणावरही भार पडणार नाही. कोणाला चालणे झेपत नसेल त्यांनी त्या वेळी आपल्या ओट्यावर नुसते बसावे. मुलांना नावाने हाक मारणारे माणूस वाटेवर असणे, हीच मोठी राखण आहे.

तिसरी, मागच्या भिंतीत वाहनांसाठी वाट न काढता फक्त पायी जाणाऱ्यांपुरते एक छोटे दार ठेवावे. हमरस्त्याच्या बाजूने बसने येणाऱ्या मुलांचा वळसा त्यामुळे वाचेल आणि गल्ली गल्लीच राहील. दाराशी शिपाई असेल आणि शाळेच्या वेळेनंतर ते बंद होईल.

निवेदनावर सह्या करणाऱ्या पालकांना मी विरोधक मानत नाही. आपल्या मुलाची वाट सुकर व्हावी, एवढीच त्यांची इच्छा आहे, आणि माझीही तीच आहे. आमचा मतभेद आहे तो वाट सुकर कशाने होते याविषयी. मंडळाची बैठक दिवाळीपूर्वी आहे. तोवर प्रत्येक पालकाने एक दिवस तरी गल्लीच्या तोंडापासून फाटकापर्यंत मुलासोबत चालून पाहावे, अशी माझी विनंती आहे. त्या वेळी मूल काय पाहते, कोणाशी बोलते, कुठे थांबते आणि कुठे बिचकते, हे टिपून ठेवावे आणि लिहून मला द्यावे. अनुकूल असो वा प्रतिकूल, प्रत्येक कागद मी मंडळापुढे ठेवीन.

शाळेची इमारत संस्थापकांनी उभी केली. तिच्याभोवतीचा शेजार मात्र कोणी बांधला नाही, तो रोजच्या येण्याजाण्यातून, ‘येतो हं’ आणि ‘आवजो’ यांतून आपोआप घडत गेला. इमारत जुनी झाली तर देणग्या जमवून नवी बांधता येईल. शेजार एकदा मोडला की त्याला देणगीचा उपयोग नाही. म्हणून या वर्षी शाळेला काही द्यावे असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्याकडे मी निधीइतकेच आग्रहाने आठवड्यातील एका सकाळचा अर्धा तास मागते. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी पहिली दिंडी निघेल. नावे नोंदवण्याची वही कार्यालयात ठेवली आहे.